अंगणवाडीची बाई

आजी,

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, बायांनी पत्रावळी उचलल्या, आणि आता गावात जी अंगणवाडी चालवते ती म्याडम माझ्याजवळ आली. म्हणाली, "हर्षाताई, तुमी शाळेत शिकवता, तुमाले बोलता येते. बाईबद्दल दोन शब्द बोला." मी उभी राहिले. समोर सारं गाव सतरंजीवर बसलेलं. मी म्हणाले, "माझी आजी..." आणि पुढे काही आलंच नाही. शेवटी सरपंचांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. तुझा जन्म, तुझं लग्न, किती वर्षं सेवा केली, किती लेकरं हाताखालून गेली. सगळं खरं होतं. फक्त त्यात तू कुठे नव्हतीस.

म्हणून आज लिहायला बसले. पाहुणे सकाळच्या गाडीने गेले. आई मागच्या अंगणात भांडी मोजून शेजाऱ्यांची शेजाऱ्यांना परत करते आहे. बाबा खळ्यावर गेलेत, कारण धान कापून पडलं आहे आणि धानाला कोणाची तेरवी कळत नाही. मी ओसरीत आहे. माझी परी अंगणात कोंबडीच्या मागे आहे.

तू गेलीस त्या दिवशी मी इथे नव्हते, त्यामुळे ते मला आईकडून ऐकावं लागलं. सकाळी तू तव्यावरचे तांदळाचे दोन आयते खाल्लेस. तिसरा मागितलास आणि आईला म्हणालीस, "सुनबाई, पातळ टाक. हे का भाकर आहे?" तिसराही खाल्लास. मग उन्हात खाटेवर जाऊन बसलीस. आई गोठ्यात पाणी ठेवून आली तेव्हा तू भिंतीला टेकून होतीस, डोळे मिटलेले. आईला वाटलं डुलकी लागली. तिने तुझ्या पायावर चादर टाकली आणि पुन्हा कामाला लागली. अर्ध्या तासाने कळलं. आईला अजून वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. मी तिला सांगितलं, पोटभर खाऊन, सुनेला एक गोष्ट सुनावून, उन्हात बसून जाणं, याहून तुला काय पाहिजे होतं? ती रडता रडता हसली.

मलाही खरं सांगायचं तर फार रडू आलं नाही, आजी. तू जगलीस ते भरपूर जगलीस. मला जे टोचतं आहे ते वेगळं आहे. त्याच्याकडे येते. पण सरळ तिथे यायची हिंमत अजून होत नाही, म्हणून आधी थोडं मागचं.

तुझ्या अंगणवाडीतलं मला आठवतं ते म्हणजे माझा राग. मी साडेतीन वर्षांची असेन. घरून निघताना मी तुझ्या कडेवर असायचे. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या नहरातून आपल्या गावच्या धानाच्या बांध्यांना येतं, त्या नहराच्या काठाने आपण जायचो. तोपर्यंत तू माझी आजी. अंगणवाडीच्या दारात मला खाली उतरवलंस की तू बाई. एकदा आत बसल्यावर मी हाक मारली, "आजी!" तू वळली नाहीस. मी पुन्हा ओरडले. तू सगळ्या लेकरांना विचारलंस, "इथं कोनाची आजी आली आहे का बाप्पा? मले तं नाही दिसत." सगळी हसली. मी जमिनीवर लोळण घेतली. तू मला ओलांडून पलीकडे गेलीस आणि बेडकाची गोष्ट पुढे चालू ठेवलीस. खिचडीही मला सगळ्यात शेवटी. घरी परत जाताना नहरावर आल्यावर तू मला उचलून घेतलंस आणि विचारलंस, "आता सांग, का झालं होतं?" मी म्हणाले, "तू माझी आजी नाहीस का?" तू म्हणालीस, "आहो ना. पन तिथं पंचवीस लेकरं आहेत. त्याहीच्या आज्या रोवन्याले गेल्या. मंग मी एकटीचीच कशी होऊ?"

मला ते तेव्हा कळलं नाही. बाबांना तर अजून कळलेलं नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अंगणवाडी दुपारी बंद व्हायची, पण ज्यांच्या आया चिखलातून संध्याकाळशिवाय निघत नसत त्यांची लेकरं तू तशीच चटईवर ठेवून घ्यायचीस. घरी यायला अंधार पडायचा. बाबा लहान होते तेव्हा तापाने फणफणलेले असतानाही लसीकरणाचा दिवस म्हणून तू गेली होतीस, हे ते दर वर्षी एकदा तरी काढायचे. "मायी माय साऱ्या गावाची माय होती," ते म्हणायचे, "मी रांगेत होतो."

मग मी शिकले आणि गोंदियाला एका शाळेत नर्सरीची टीचर झाले. तुला वाटलं मी तुझंच काम पुढे नेते आहे. एकदा तू माझी शाळा पाहायला आलीस. नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. मी तुला वर्गाच्या दाराशी खुर्ची दिली. माझी तीन-साडेतीन वर्षांची मुलं खाली मान घालून चार रेघांच्या वहीत ए काढत होती. तू पाच मिनिटं पाहिलंस आणि उठून बाहेर जाऊन झाडाखाली बसलीस.

संध्याकाळी घरी आल्यावर तू म्हणालीस, "हर्षे, काऊन लिहवून राहिली त्याहीले?"

"पालकांना पाहिजे असतं, आजी."

"लेकरायले का पायजे?"

"आजी, ते दिवस गेले आता."

"दिवस गेले असतीन. लेकरं तं तेच आहेत. बोटाची हाडं तेवढीच कच्ची आहेत."

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात. मी तुला सांगायचे की जग पुढे गेलं. तू म्हणायचीस, लेकराला आधी चिखल पाहिजे, दाणे पाहिजे, गाणं पाहिजे, मग पेन्सिल. मी म्हणायचे, तुझ्या चिंचोक्यांनी कोणी इंजिनीअर झालं का? तू म्हणायचीस, तुझ्या वहीनं झालं का, सांग एकाचं नाव. मी खूप चिडायचे आणि मनातून मला मजाही यायची. ते भांडण मिटलं नाही. मिटायला नकोच होतं.

आता परीचं.

परी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. "मम्" आणि "आ", एवढंच. माझी सासू म्हणायची की आमचा सुनीलही उशिराच बोलला. मीही तेच म्हणायचे. तिच्या प्लेस्कूलवाल्यांनी सांगितलं की मुलगी हट्टी आहे, लक्ष देत नाही. मी स्वतः नर्सरीची टीचर, आणि माझीच मुलगी हट्टी! मला लाज वाटायची. मी घरी तिच्यासमोर चित्रांची पुस्तकं घेऊन बसायचे, "बोल, बॉल. बोल, बॉल," करत. ती माझ्या ओठांकडे बघायची आणि हसायची.

त्या उन्हाळ्यात तू आमच्याकडे आलीस. आमचं घर बिरसीच्या रस्त्याला, तिथून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण गच्चीवर तांदळाच्या पापड्या घालत होतो. एक विमान अगदी खालून गेलं. शेजारच्या गच्चीवरची दोन्ही पोरं "हवाई जहाज! हवाई जहाज!" करत धावली. मी मान वर केली, तू केलीस. परी आपल्याकडे पाठ करून पिठाच्या गोळ्याशी खेळत होती. तिने मान वर केली नाही. मी ते पाहिलं आणि पाहिलंच नाही. तुझा हात मात्र पापडीवर तसाच थांबला.

पुढचे दोन दिवस तू तिच्या मागे मागे होतीस. मी एकदा स्वयंपाकघरातून पाहिलं, तू तिच्या पाठीशी उभी राहून वाटीवर चमचा वाजवत होतीस. एकदा टाळी. एकदा नुसती हाक, हळू, मग मोठी. मला वाटलं खेळ चाललाय.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तू मला म्हणालीस, "हर्षे, बस. चिडू नोको."

मी बसले.

"पोरगी मुकी नाही. हट्टी पन नाही. तिले आयकू येत नाही."

"असं कसं? ताट पडलं की वळते ना ती."

"फरशी हालते म्हनून वळते. तिच्या पायाले कळते."

"टीव्ही लावला की पळत येते."

"उजेड दिसते, म्हनून येते. पाठीमागून हाक मारून पाह्य एकडाव. मी दोन दिस मारून राहिलो."

तू हे अगदी हळू सांगत होतीस, तसं तू कधीच बोलत नव्हतीस. आणि मी उठून उभी राहिले. मला आजही ते शब्द जसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, "आजी, तू अंगणवाडीची बाई आहेस, डॉक्टर नाहीस. खिचडी वाटून कोणाला कान तपासता येत नाहीत. माझ्या मुलीला बहिरी म्हणू नकोस."

सुनील आतून आला आणि दारात थबकला. तू कपाकडे पाहत होतीस.

"हो," तू म्हणालीस, "अंगनवाडीचीच बाई आहो मी. म्हनूनच सांगतो. दवाखान्यात ने तिले. उशीर नोको करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पिशवी भरलीस. सुनीलने तुला बसस्टँडवर सोडलं. मी परीला आंघोळ घालायचं निमित्त करून बाहेर आले नाही.

त्यानंतर चार महिने मी तुला फोन केला नाही. बाबांचा फोन आला आणि ते म्हणाले, "थांब, आजीले देतो," की मी म्हणायचे, वर्ग आहे, नंतर बोलते. तू समजली असशीलच. पण त्या चार महिन्यांतली एक गोष्ट तुला कळणं शक्य नव्हतं. मला माहीत होतं, आजी. तू सांगितलंस त्याच दिवशी मला माहीत झालं होतं. मी कितीदा परीच्या पाठीशी जाऊन उभी राहायचे, हाक मारायला तोंड उघडायचे आणि मारायचे नाही. ती वळली नसती तर कळलं असतं, म्हणून मी हाकच मारली नाही. समोर जाऊन, वाकून, तिच्या डोळ्यांत बघून बोलायचे. चार महिने.

मग एका संध्याकाळी बाजारात मी भाजी घेत होते. परी माझा हात सोडून पुढे गेली, रस्त्याच्या कडेला पडलेली फुग्याची दोरी उचलायला. मागून मुरूम भरलेला टिप्पर येत होता. हॉर्नवर हॉर्न देत होता, सारा बाजार वळून बघत होता. मी ओरडले, "परी!" ती दोरी बोटाला गुंडाळत होती. मी पुन्हा ओरडले. पाणीपुरीच्या गाडीवाल्या भैयाने उडी मारून तिला ओढलं. टिप्पर त्याच्या गाडीला घासून पुढे गेला, त्याची पुऱ्यांची टोपली रस्त्यावर. तो मला म्हणाला, "दीदी, बच्ची को सुनाई नहीं देता क्या?"

मी म्हणाले, "नहीं देता."

ते मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले. तुला नाही, घरच्या कोणाला नाही, एका अनोळखी माणसाला.

नागपूरला तपासणी झाली. दोन्ही कान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मशीन लावून ती ऐकेल, बोलेल, पण रोज शिकवावं लागेल आणि त्याला धीर लागेल. मग विचारलं, "यापूर्वी कोणाच्या लक्षात आलं नाही का?" सुनीलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही." ते खोटं मी त्या खोलीत बोलले, आजी. तुझं नाव घ्यायला हवं होतं.

घरी आल्यावर तुला फोन लावला. चार महिन्यांनी.

"आजी, परीला मशीन लागते आहे. दोन्ही कानांना."

मी वाट पाहत होते की आता तू म्हणशील, सांगतलं नोतं का मी? कोणीही म्हटलं असतं.

"कधी लागते?"

"येत्या सोमवारी."

"येतो मी." आणि फोन ठेवलास.

तू रविवारीच आलीस. एका थैलीत कपडे आणि एका पोत्यात तुझी सारी अंगणवाडी. चिंचोके, करंजीच्या बिया, दोन मातीची बोळकी, एक सूप, आणि दाण्यांचे डबे, प्रत्येकात वेगळं धान्य, हलवलं की वेगळा आवाज. मला वाटलं होतं की मशीन लावल्याबरोबर परी हसेल. ती किंचाळली. इतका आवाज तिच्या डोक्यात एकदम आला की तिने दोन्ही मशीनं ओढून फेकली आणि पलंगाखाली जाऊन बसली. मी रडायला लागले. तू मला म्हणालीस, "तू बाहेर जा. तुये रडनं पन तिले आयकू येते आता." आणि पलंगासमोर जमिनीवर पाय पसरून बसलीस, सूप काढलंस आणि तांदूळ पाखडायला लागलीस. हळूहळू. अर्ध्या तासाने परी बाहेर आली आणि सुपाजवळ कान आणला. तेव्हा कुठे तू एक मशीन लावलंस. पहिल्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त.

तू अडीच महिने राहिलीस. मी शाळेतून यायचे तेव्हा घरात नुसता आवाज असायचा. तू दाराआड लपून डबा हलवायचीस आणि परी तो शोधत यायची. नळ. कुकर. पावलं. विमान आलं की तू तिला गच्चीवर न्यायचीस आणि तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून "भुर्रर्र" करायचीस. आणि मग तिचा पहिला शब्द. मला वाटलं होतं आई. सुनीलला वाटलं पप्पा. गच्चीवर पापड्या वाळत होत्या, कावळा आला, आणि माझी मुलगी हात वर करून स्पष्ट, खणखणीत म्हणाली, "हाऽड!"

तू दिवसभर कावळ्यांना तेच तर म्हणत होतीस. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी म्हणाले, "आजी, पहिला शब्द हा काय!" तू डोळे पुसत म्हणालीस, "अवो, कामाचा शब्द आहे. आई म्हनून कावळा जाते का?"

तेव्हापासून ती बोलतेच आहे. सात वर्षांची झाली. दुसरीत आहे. गोंदियात सगळ्या मुलांशी हिंदी बोलते, माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलते आणि रागावली की तुझी बोली बोलते. परवा तिच्या टीचरने तक्रार केली, की परी वर्गात "काऊन?" म्हणते. मी तुला सांगायचे की तिला नीट बोलायला शिकव, आणि तू म्हणायचीस, "बोलते तं. कोनत्या बोलीत बोलते ते मंग पाहू." हेही भांडण राहिलंच.

पण त्या चहाच्या वेळेबद्दल आपण कधी बोललो नाही. तू काढलं नाहीस आणि मी काढलं नाही. मी कितीदा ठरवलं. तुझ्या डोक्याला तेल लावताना, तुझी नखं काढताना. दर वेळी वाटायचं, आता सगळं छान चाललं आहे, कशाला. तू माझ्याशी इतकी सरळ वागत होतीस की मला वाटायला लागलं, तू विसरलीस.

आणखी एक सांगायचं राहिलं. दर जूनला नवी मुलं वर्गात आली की पहिल्या आठवड्यात मी एकेकाच्या पाठीशी उभी राहते आणि हळूच हाक मारते. आमच्या मोठ्या म्याडमनी एकदा विचारलं तर मी सांगितलं की खेळ आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी वळली नाही. तिच्या घरच्यांना बोलावून डॉक्टरकडे पाठवलं. कानात पाणी साचलेलं होतं, औषधाने बरं झालं. त्या संध्याकाळी मी फोन हातात घेतला होता तुला सांगायला. मग वाटलं, हे सांगायचं तर तेही सांगावं लागेल. ठेवून दिला.

आता काल काय झालं ते ऐक.

सरपंचांचं वाचन झाल्यावर मी मागे विहिरीकडे गेले होते. तिथे एक म्हातारी आणि एक पन्नाशीची बाई हात धुत होत्या. म्हातारी म्हणाली, "मी फुलवंता. हे मायी पोरगी, सुगंधा. सडक अर्जुनीले दिली आहे. तिथं हायवेवर शिलाईचं दुकान आहे तिचं. दोन गाड्या बदलून आली." सुगंधा माझ्याकडे पाहून हसली आणि बोलली नाही. तिने कपाळावर बोटाने मोठं कुंकू काढल्यासारखं केलं आणि मग दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान पकडले.

मला वाटलं ती सांगते आहे की मला ऐकू येत नाही. परीलाही तसंच वाटलं. परी पुढे गेली आणि केस मागे करून तिला आपली मशीनं दाखवली, जसं दोन मुली एकमेकींना कानातले दाखवतात. सुगंधाने ती बोटाने हळूच चाचपून पाहिली. पण तिने पुन्हा तेच केलं. कुंकू, आणि कान पकडायचे.

फुलवंताबाई म्हणाली, "तुया आजीचं नाव घेऊन राहिली ते. बाई मोठं कुकू लावे ना. इच्या भाषेत बाईचं नाव तेच आहे."

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. सुगंधा अंगणवाडीत यायची तेव्हा तू अजून नवी होतीस. ती ऐकत नव्हती, सांगितलेलं करत नव्हती, मध्येच उठून जायची. तू तिला कोपऱ्यात बसवायचीस. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं. मग तालुक्याला तपासणीचं शिबिर झालं आणि डॉक्टरने सांगितलं की ही जन्मापासून बहिरी आहे.

"त्याच दिवशी आली ते आमच्या घरी," फुलवंताबाई म्हणाली. "उन्हात, बिना चपलेची. सारा मोहल्ला अंगनात उभा होता. ते खाली मातीत बसली, या एवढ्याशा पोरीसमोर. दोन्ही कान धरले आपले न म्हनली, 'मायं चुकलं, बाई.' मी म्हनलं, अवो, तिले कुठं आयकू येते. तं ते म्हने, मले तं येते ना."

पुढे तूच तिला गोंदियाच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत नेऊन घातलंस, सुट्टीला आणायला तूच जायचीस. हे सगळं मला तेराव्या दिवशी कळलं. तू दोन दिवस परीच्या मागे वाटी वाजवत का फिरत होतीस ते मला काल कळलं. "उशीर नोको करू" हे तू कुठून म्हणालीस, तेही. मी तुला खिचडी वाटणारी बाई म्हणाले तेव्हा तू हे सगळं सांगून मला गप्प करू शकली असतीस. तू नुसती कपाकडे पाहत राहिलीस.

आजी, तू तरुण होतीस, सरकारने नेमलेली बाई होतीस, आणि भर मोहल्ल्यात एका लेकरासमोर मातीत बसलीस. मी तुझी नात, शिकलेली. मला तुझ्या खाटेजवळ बसून तेवढंच वाक्य चार वर्षांत म्हणता आलं नाही.

इथपर्यंत लिहून मी कागद खाली ठेवला आणि ते म्हणून पाहिलं. ओसरीत कोणी नव्हतं. मी तुझ्या खाटेकडे पाहून हळूच म्हणाले, "मायं चुकलं, आजी."

बाबा खळ्यावरून परत आले होते, ते मला दिसलेच नाहीत. पायरीवर बसून पायाला चिकटलेलं धानाचं तणीस झाडत होते. त्यांनी विचारलं, "कोनाशी बोलून राहिली?"

"आजीशी."

ते थोडा वेळ पाय झाडत राहिले. मग वर न पाहता म्हणाले, "जोरानं बोल. आखरी-आखरी तिले कमी आयकू येत होतं."

मग मी जोरानं म्हणाले.